फोटोत हात कुठे ठेवायचा

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या हाताला अंगठा धरून तीन बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते पहिल्या दमात सांगायचं नाही असा नियम होता. आधी शिक्षण, मग नोकरी, मग सिडकोतलं स्वतःचं रो-हाउस, मग निर्व्यसनी, मग मनमिळाऊ, आणि समोरच्यांना फोटो आवडला की मग सवडीने, चहाबिहा झाल्यावर, हात.

नियम आईचा होता आणि त्याला पाठिंबा मावशींचा. या मावशी सख्ख्या नव्हेत, आईच्या भजनी मंडळातल्या. लग्नं जुळवायचा त्यांना नाद आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये वधू-वरांचे इतके ग्रुप आहेत की तो फोन कायम तापलेला असतो. त्या म्हणाल्या, "लपवायचं नाही गं बाई. पण आल्या आल्या सांगायचंही नाही. आधी मुलगा डोळ्यात भरू दे." आणि मुलगा डोळ्यात भरेल असा फोटो काढायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी नुकताच फोटोग्राफीचा कोर्स केला होता.

तो कोर्स म्हणजे दर रविवारी कॉलेज रोडला एका हॉलमध्ये जमायचं आणि सर दाखवतील ते फोटो बघायचे. सर एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगायचे. बघणाऱ्याचा डोळा म्हणजे घरी आलेला पाहुणा. त्याला कुठल्या दाराने आत घ्यायचं, कुठून कुठे न्यायचं, कुठे बसवायचं आणि कुठल्या खोलीत फिरकू द्यायचं नाही, हे यजमानाने ठरवायचं. रस्ता, कुंपण, रेल्वेचा रूळ, काहीही लांब गेलेलं असेल तर डोळा त्याच्यावरून चालत जातो. अंधारात उजेड दिसला की तिकडे पळतो. फोटोतलं माणूस जिकडे बघतं तिकडे बघणाराही बघतो. मला हे सगळं इतकं पटलं की मी घरच्यांना नकोशी झाले. कुणाचं बारसं असो नाहीतर वाढदिवस, मी माणसं हलवत बसायची. "तुम्ही जरा डावीकडे, काकांनी वर बघा, ती बादली उचला." केकवरची मेणबत्ती विझून दुसरी लावायची वेळ यायची. माझा नवरा तर हल्ली मी मोबाइल काढला की पाणी प्यायला म्हणून उठतो आणि परत येत नाही.

तर अशी मी, आणि आईची मागणी फक्त एवढीच की मुलगा दिसला पाहिजे आणि हात दिसायला नको. मी म्हटलं, आई, यात काय, हे तर कंपोझिशनचं साधं काम आहे.

भावाला त्या हाताचं एरवी काही वाटत नाही. तो मोटरसायकल चालवतो, कॅरम खेळतो, उन्हाळ्यात आईच्या कुरडया गच्चीवर घालतो. अपघातानंतर कारखान्याने त्याला नव्या पोरांना मशीन शिकवायच्या कामावर ठेवलं, तिथेही तो खूश आहे. पण घरी यायचा, जेवायचा, मोबाइल बघायचा, झोपायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, मला खरंच लग्न करायचंय गं. घरी आल्यावर आज काय झालं ते कुणाला तरी सांगायचंय. आईला सांगितलं की ती काळजी करते." त्या दिवसापासून मी हा फोटो अगदी मनावर घेतला.

पहिला फोटो घरासमोर काढला. डावा हात पँटच्या खिशात. आता, एकच हात खिशात घातला तर नजर नेमकी त्या खिशाकडे जाते, हे मला काढल्यावर समजलं. म्हणून दोन्ही हात खिशात घालायला लावले. तर तो महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसायला लागला. तरी मावशींनी तो फोटो पाठवला. एका घरून निरोप आला, मुलगा जरा गुर्मीत वाटतो. दुसऱ्या घरून आला, मुलगा ठीक आहे पण मागच्या भिंतीला ओल आहे, पावसाळ्यात गळतं का? मी तो फोटो पुन्हा पाहिला. ओल होती. त्याच्या डोक्यामागे, थाळीएवढी. मी काढताना मला दिसली नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं की सरांचा डोळा वेगळा आणि मुलीच्या आईचा डोळा वेगळा. सरांचा डोळा उजेडातून आत येतो. मुलीच्या आईचा डोळा मागच्या भिंतीवरून उतरतो, स्विचबोर्डावर थांबतो, तिथून खाली येऊन दारातल्या चपला मोजतो, किती माणसांचं घर आहे ते बघतो आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, मुलाच्या तोंडाकडे येतो. हे सर शिकवत नाहीत. सरांचं लग्न फार पूर्वी झालंय.

तेव्हा ठरवलं की घर नको, मोकळी जागा घेऊ. आमच्या मामाची निफाडकडे द्राक्षबाग आहे. बागेत गेलं की सरांचं सगळं शास्त्र आयतं उभं असतं. दोन्ही बाजूंनी वेलींच्या ओळी, वर पानांचा मांडव, आणि सगळ्या ओळी लांबवर एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. त्या मिळताना दिसतात त्याच्या बरोबर पुढे मी भावाला उभा केला. डावा हात लोखंडी खांबाच्या मागे, उजव्या हातात घड. नजर जाईल कुठे? ओळींवरून सरळ त्याच्याकडेच. मी सरांना फोटो दाखवला तर ते खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, हे छान साधलंय. मी आठवडाभर हवेत होते.

फोटो ग्रुपवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दिंडोरीकडच्या एका गृहस्थांचा आईला फोन आला. आईने स्पीकर लावला. गृहस्थ म्हणाले, "ताई, फोटो बघितला. तुमच्या बागेवर डाऊनी हाय."

आईला वाटलं हा कुठला तरी ग्रहयोग. म्हणाली, "पत्रिकेत तर तसं काही नाही."

"पत्रिकेत नाय ताई, पानावर. मुलाच्या खांद्याच्या वर बघा, पिवळे डाग हायेत. फोटो मोठा करून बघितला मी. रोग लय लवकर पसरतो. आजच फवारा मारा, उद्यावर ठेवू नका."

आई म्हणाली, "बरं. पण मुलगा कसा वाटला?"

"मुलगा," ते म्हणाले आणि थांबले. बहुतेक पुन्हा फोटो उघडून बघत असावेत. "हां, हाय हाय. चांगला हाय. पण आधी फवारा."

मामाने त्याच दिवशी फवारणी केली. शेजारच्यांच्या बागा गेल्या, मामाची वाचली. तेव्हापासून मामा दरवर्षी छाटणी झाली की भावाला बोलावतो, ओळीत उभा करतो, फोटो काढायला लावतो आणि ग्रुपवर टाकायला सांगतो. त्या गृहस्थांची मुलगी तर कधीच सासरी गेली, पण फवारणीचा सल्ला अजून येतो. माझ्या फोटोचा एवढा उपयोग आमच्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्याच फोटोचा झाला नसेल. फक्त ज्याच्यासाठी काढला त्याला झाला नाही.

मधल्या काळात मावशींनी आपल्या डोक्याने एक उद्योग केला. देवळाली कॅम्पातल्या एका घराला त्यांनी मला न विचारता दोन फोटो पाठवले. एक चुलत बहिणीच्या लग्नातला, त्यात भाऊ अक्षता टाकतोय. दुसरा त्यानेच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी, त्यात केस सारखे करतोय. दोन्हींत हात स्पष्ट. सेल्फीत डावं-उजवं उलटं येतं, हे मावशींच्या ध्यानीमनीही नाही. संध्याकाळी मुलीच्या काकांचा फोन. फार सभ्य माणूस. म्हणाले, "आम्ही जुन्या विचारांचे नाही. एका हाताचं असतं तर चालवून घेतलं असतं. पण दोन्ही?"

मावशी घाबरून म्हणाल्या, "अहो नाही हो, एकच आहे."

"मग एका फोटोत डावा आणि एकात उजवा कसा?"

मावशींनी फोन माझ्याकडे दिला. मी काकांना कॅमेरा, आरसा, उलटं प्रतिबिंब असं सगळं समजावलं. शर्टाचा खिसा बघा म्हटलं, तोही दुसऱ्या बाजूला गेलाय. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मुलगा फोटोत एक आणि प्रत्यक्षात एक, असं आहे तर." आणि नको म्हणाले. मी त्या मावशींना इतकं बोलले की त्या दोन दिवस भजनाला आल्या नाहीत, असं आई सांगत होती.

आता कुत्र्याचं सांगते. शेजारच्या काकूंकडे एक पांढरं, गुबगुबीत, पिंजलेल्या कापसाच्या गादीसारखं कुत्रं आहे. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण काकूंनी ते एका नातेवाइकावरच्या रागातून ठेवलंय. मला वाटलं, हे कुत्रं भावाच्या कडेवर दिलं तर डावा हात पार त्या केसांत बुडेल. बुडाला. शिवाय कुत्रं भावाच्या तोंडाकडे बघत होतं, त्यामुळे बघणारा आधी कुत्र्याकडे बघणार आणि कुत्र्याच्या नजरेवरून मुलाच्या तोंडाकडे येणार. माझ्या मते तो माझा सगळ्यात हुशार फोटो होता. आणि खरंच, आठ दिवसांत एका घरचे म्हणाले, आम्ही घर बघायला येतो. आजकाल आधी मुलीकडचेच येतात.

ते येणार त्या सकाळी मावशींचा फोन. "मुलीला कुत्रा फार आवडलाय म्हणे. कुत्रा असू द्या."

मी म्हटलं, कुत्रा आपला नाहीच. मावशी म्हणाल्या, ते नंतर सांगू. हात नंतर सांगायचा, कुत्रा नंतर सांगायचा, मग आत्ता सांगायचं तरी काय, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "तू पोह्यांचं बघ."

काकूंनी कुत्रं दिलं. स्वतः कामाला गेल्या. पाहुणे आले, मुलगी, तिचे आई-वडील आणि आत्या. भाऊ सोफ्यावर, कुत्रं मांडीवर, डावा हात केसांत. त्याने पोहे उजव्या हाताने खाल्ले, पाणी उजव्या हाताने प्यायला, नमस्कार नुसत्या मानेने केला. मुलीची आत्या म्हणाली, किती माया लावलीय जनावराला, हात काढत नाही अंगावरचा. आई म्हणाली, हो, लहानपणापासून आहे. कोणाच्या लहानपणापासून ते तिने सांगितलं नाही. मावशी कोपऱ्यात बसून मला डोळ्यांनी खुणा करत होत्या की आता वातावरण चांगलं आहे, आता सांगू का. मी नको नको करत होते, कारण मुलगी आणि भाऊ बोलायला लागले होते. खरंच बोलायला लागले होते. तो तिला मशीनवरच्या नव्या पोरांचे किस्से सांगत होता आणि ती हसत होती. माझा जीव भांड्यात पडत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काकूंच्या स्कूटरचा आवाज आला. कुत्र्याने कान टवकारले आणि कुणाला काही कळायच्या आत मांडीवरून उडी मारून पळालं. दारातून बाहेर, फाटकावरून आपल्या घरी. भावाचा हात होता तिथेच राहिला. मांडीवर, पालथा, उघडा. सगळ्यांचे डोळे कुत्र्यामागे दारापर्यंत गेले होते ते परत आले आणि येताना त्या हातावर येऊन थांबले. सरांनी शंभर रविवार शिकवलं असतं तरी मला इतक्या सगळ्यांचे डोळे एका वेळी एका ठिकाणी आणता आले नसते.

मावशींनी घाईघाईने सुरुवात केली, "ते आम्ही सांगणारच होतो," आणि त्या वाक्याने होतं नव्हतं तेही गेलं. मुलीचे वडील उठले. बाहेर जाताना ते आईला एवढंच म्हणाले, "हाताचं काही नसतं हो ताई. पण कुत्रासुद्धा दुसऱ्याचा?" मुलगी जाताना भावाकडे बघून थोडं हसली, ते मला जास्त लागलं.

भावाने पोह्यांच्या बशा आत नेऊन ठेवल्या. हात धुतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, यापुढे माझा फोटो काढायचा नाही." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. आई त्या रात्री जेवली नाही आणि मीही माझ्या घरी जाऊन कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर टाकला.

बरेच महिने गेले. ग्रुपवर काही गेलं नाही. मावशी सुद्धा गप्प होत्या, यावरून काय ते समजा.

मग एका रविवारी भाऊ माझ्याकडे आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "तुझा कॅमेरा चालू आहे का? कारखान्यात सुरक्षा सप्ताह आहे. गेटवर लावायला पोस्टर करायचंय. साहेब म्हणाले तुझाच फोटो लावू, पोरं तुझं ऐकतात. त्यांनी एक फोटोग्राफर आणला होता, त्याने माझ्या हाताला लाल रंग लावायला सांगितलं. मी त्याला घालवून दिला. तू काढशील का?"

मी म्हटलं, तूच म्हणाला होतास काढायचा नाही.

"हात लपवून काढायचा नाही म्हणालो होतो," तो म्हणाला. असं तो म्हणाला नव्हता, पण मी वाद घातला नाही.

मी गेले. मला हेल्मेट दिलं, माझ्या मापाचे नसलेले बूट दिले आणि मशीनं चालतात त्या शॉपमध्ये नेलं. ज्या मशीनवर ते झालं ते मशीन आता तिथे नाही, दुसरं आहे, त्याच्यासमोर तो उभा राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला फोटो काढला. त्याने येऊन पाहिला आणि म्हणाला, "ताई, खांब."

बघते तर हाताच्या पुढे खांब आलेला. मी जागा बदलली. दुसऱ्यात हाताच्या पुढे एका मुलाचं हेल्मेट. तिसऱ्यात सावली. मी मुद्दाम करत नव्हते, शपथ सांगते. माझे पाय आपोआप अशा जागी जाऊन उभे राहत होते जिथून हात दिसत नाही. इतक्या वर्षांची सवय. शिकाऊ पोरं मागे उभी राहून बघत होती आणि त्यांना वाटत होतं की मोठी कलाकार आहे, सारखी जागा बदलते. शेवटी भाऊच वैतागला. म्हणाला, "तू हलू नको. तिथेच उभी राहा. मीच आणतो," आणि चालत माझ्यापर्यंत आला आणि त्याने डावा पंजा थांबा म्हणतात तसा उघडा करून कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरला.

आणि मला तो दिसला. इतक्या जवळून मी तो हात हॉस्पिटलनंतर पाहिलाच नव्हता. टाके पडले होते तिथली कातडी गुळगुळीत झालीय. तळव्यावर कसलेसे जुने घट्टे आहेत. आणि जिथे दोन बोटं नाहीत तिथे मोकळी जागा आहे आणि त्या मोकळ्या जागेतून बरोबर त्याचं तोंड दिसत होतं. तो हसत होता, कारण मागचं एक पोरगं म्हणालं होतं, "सर, मॅडमला घाम फुटलाय."

मी तेवढा एकच फोटो काढला. पंजा मोठा, सगळ्यात पुढे, नजर चुकवायची सोयच नाही. आधी डोळा पंजावर आपटतो. मग बोटांवरून वर चढतो, तिसऱ्या बोटानंतर रस्ता संपतो, आणि त्या रिकाम्या जागेतून तो थेट त्याच्या हसण्यावर जातो. कुठल्याही दाराने या, शेवटी तिथेच येऊन बसायचं. मी काही केलं नव्हतं, मी फक्त हलले नव्हते.

कारखान्याने पोस्टर केलं. वर फोटो, खाली जाड पिवळ्या अक्षरांत, मशीनसमोर घाई नको, घरी कुणीतरी वाट बघतंय. भावाने ते आईला मोबाइलवर पाठवलं. मी समोरच बसले होते. आईने चष्मा लावला, पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "हात केवढा मोठा काढलास गं." दोन बोटांनी मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. मी म्हटलं आता ही ओल शोधतेय. पण ती म्हणाली, "हसतोय बघ कसा. कितीतरी दिवसांत असा हसला नाही." आणि पदराने चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी आईने ते पोस्टर जसंच्या तसं, पिवळ्या अक्षरांसकट, मावशींनी तिला ज्यांत घेतलं होतं त्या सगळ्या वधू-वर ग्रुपांवर टाकलं.

ग्रुपवर नुसता गोंधळ. निम्म्या लोकांना वाटलं सुरक्षिततेचा संदेश आहे, त्यांनी हात जोडले. एकाने लिहिलं, खूप छान उपक्रम. एकाने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या आपल्या मेव्हण्याला लगेच पुढे पाठवल्याचं कळवलं. एका बाईंनी विचारलं, हे घाई नको म्हणजे लग्नाची का? ग्रुप चालवणारे दादा चिडले, म्हणाले इथे फक्त स्थळं टाकावीत. मावशींचा आईला फोन आला, त्यांचा आवाज चिरकत होता. "अहो, वधू-वरांच्या ग्रुपवर हे काय टाकलंत? लोक काय म्हणतील?"

आईने फोन ठेवला आणि एकेक अक्षर शोधत ग्रुपवर लिहिलं, "हे स्थळच आहे. मुलगा हाच. हात असाच आहे. कुत्रा नाही. द्राक्षबाग मामाची." पाठवल्यावर मला विचारलं, अजून काही राहिलंय का? मी म्हटलं, ओल. तिने तेही लिहिलं, "घराला एका भिंतीला ओल आहे, दुरुस्ती चालू आहे." दुरुस्ती चालू नव्हती. ती आम्ही मग त्याच आठवड्यात करून घेतली.

त्यानंतर फार फोन आले नाहीत. मावशी म्हणाल्या, मी सांगत होते. पण एक आला. मुलीचा स्वतःचा. देवळाली कॅम्पात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते म्हणाली. रविवारी येऊ का घर बघायला, सोबत फक्त आई असेल.

रविवारी मी सकाळपासून आईकडे. आईने भावाला फुल बाह्यांचा शर्ट काढून दिला होता. त्याने तो घडी करून परत ठेवला आणि अर्ध्या बाह्यांचा घातला. आईने पोह्यांत मीठ दोनदा टाकलं, ते मला शेंगदाणे घालून सावरावं लागलं.

त्या दोघी आल्या. आता मला दुसरं काही येतं की नाही माहीत नाही, पण माणसाची नजर कुठे जाते ते मी ओळखते, तेवढं त्या कोर्सने दिलंय. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. ती आत आली. भिंत नाही, स्विचबोर्ड नाही, चपला नाहीत. सरळ हाताकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, न चोरता, नीट पाहिलं. भावाने हात हलवला नाही. मग तिने वर त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली आणि नावगाव, शिक्षण, नोकरी काही न विचारता म्हणाली, "दुखतं का अजून?"

भाऊ गोंधळला. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"थंडीत," तो म्हणाला. "डिसेंबर लागला की रोज. जी बोटं नाहीत तीच दुखतात. रात्री उशीखाली हात दाबून झोपतो."

"मग सकाळी गाडी कशी चालवता?"

"पहिल्यांदा थोडा वेळ हात काखेत धरतो," तो म्हणाला आणि तिला करून दाखवायला लागला. ती खुर्चीतून जरा पुढे सरकली.

पोह्यांची बशी हातात घेऊन आई तशीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. इतके हिवाळे आई त्याच्यासोबत एकाच घरात होती, माझंही सारखं येणं-जाणं होतं, आणि हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.